डेस्कटॉपची रॅम घरच्या घरी कशी वाढवायची: कोकणातल्या नवख्यांसाठी

पीसी स्लो झाला की आपल्याकडे सल्ला ठरलेला, रॅम टाक. आणि पीसी चालूच होत नाही, नुसता बीप बीप करतोय म्हटलं की दुसरा ठरलेला सल्ला, "रॅम गेली, नवीन घालूक व्हयी." पण दोन्ही वेळा दोष रॅमचाच असतो असं नाही, आणि असला तरी दरवेळी नवीन घ्यावी लागते असंही नाही, कारण समुद्राजवळच्या गावात रॅम खरोखर मरण्यापेक्षा तिच्या पिनांवर थर बसून कॉन्टॅक्ट सुटणं हेच जास्त बघायला मिळतं. म्हणून आधी नीट बघायचं, मग साफ करायचं, आणि मगच पैसे काढायचे. हे सगळं घरी करता येतं, कॅबिनेट उघडायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो, त्यासाठी कॅबिनेट एसटीत मांडीवर घेऊन तालुक्याला जायची काहीच गरज नाही.

रॅम करते काय ते आधी थोडक्यात. आंब्याच्या सीझनमध्ये माल असतो अढीत, पण निवडायला आणि पेटी भरायला तो खळ्यात पसरावा लागतो, आणि खळं लहान असेल तर थोडा आणायचा, भरायचा, उरलेला परत आत ठेवायचा, दुसरा आणायचा, असं माणूस नुसता ये-जा करत बसतो. हार्ड डिस्क म्हणजे अढीची खोली आणि रॅम म्हणजे ते खळं. रॅम कमी पडली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर टाकतं आणि लागलं की परत उचलतं, आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर या ये-जा करण्यातच पीसी अडकून पडतो.

खरंच रॅम कमी पडतेय का ते बघा

रोजचं जे काम असतं ते सगळं उघडा, म्हणजे क्रोमचे नेहमीचे टॅब, टॅली, कोरल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, जे काही असेल ते, आणि मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लहान खिडकी उघडली तर खाली मोअर डीटेल्स लिहिलेलं असतं ते दाबा. त्यात परफॉर्मन्स मध्ये जा आणि मेमरीवर क्लिक करा. काम चालू असताना आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून बसला असेल तर रॅम कमी आहे, यात शंका नको. पण मेमरी पन्नास-साठ टक्क्यांवर आहे आणि तिथंच खाली डिस्क मात्र सारखी १०० टक्के दाखवतेय, तर थांबा, तुमचा पैसा रॅमवर घालवू नका, तुम्हाला एसएसडी पाहिजे, म्हणजे न फिरणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क. माझं स्पष्ट मत आहे की ज्या पीसीत अजून फिरणारी हार्ड डिस्क आहे आणि रॅम ८ जीबी आहे त्यात आधी एसएसडी टाकावी, रॅम नंतर, फरक लगेच कळतो. रॅम ४ जीबीच असेल तर मात्र रॅमचं काम आधी करा, आजकालच्या क्रोमला ४ जीबी पुरत नाही.

आणखी एक बघायचं, विंडोज ३२ बिट आहे का ६४ बिट. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून जी छोटी खिडकी येते, तिला रन म्हणतात, त्यात एमएसइन्फो३२ (msinfo32) इंग्रजीत टाइप करून एंटर मारा, सगळी कुंडली येते. सिस्टिम टाइप समोर एक्स६४ लिहिलंय म्हणजे ६४ बिट. एक्स८६ असेल तर ३२ बिट, आणि ३२ बिटचं विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरतच नाही, प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपासच हाताला लागते, मग तुम्ही १६ टाका नाहीतर ३२ टाका. तिथं आधी विंडोज ६४ बिट टाकून घ्यावं लागतं. त्याच पानावर बेसबोर्ड प्रॉडक्ट म्हणून एक ओळ असते, ते तुमच्या मदरबोर्डचं मॉडेल, ते लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा, पुढे लागणार आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून हल्ली बरेच जण विचारतात की रॅम वाढवली तर ११ चालेल का. ११ ला रॅम कमीत कमी ४ जीबीच लागते, अडतं ते प्रोसेसरवर आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीवर, इंटेलमध्ये मोठ्या मानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात. तेव्हा निव्वळ ११ साठी म्हणून जुन्या पीसीत रॅम भरू नका.

कुठली रॅम बसते

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश. डेस्कटॉपची रॅम म्हणजे साधारण सव्वापाच इंच लांबीची पट्टी. लॅपटॉपची त्याच्या निम्मी असते, ती डेस्कटॉपला चालत नाही, ऑनलाइन मागवताना घाईत लॅपटॉपची मागवणारे पुष्कळ असतात. डेस्कटॉपमध्ये आज आपल्या भागात तीन प्रकार सापडतात, डीडीआर-३, डीडीआर-४ आणि नवीन पीसीत डीडीआर-५. डीडीआर-३ ला २४० पिना, ४ आणि ५ ला २८८ पिना, पण पिना सारख्या म्हणून ४ च्या जागी ५ बसत नाही, कारण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट, ४ ला १.२, ५ ला १.१. म्हणजे एक प्रकार दुसऱ्याच्या जागी कधीच नाही, जोर लावून तर अजिबातच नाही.

तुमचा कुठला ते ओळखायला सोपी युक्ती, प्रोसेसर बघा. इंटेलचा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचा आय३ किंवा आय५ असेल तर डीडीआर-३. सहाव्या पिढीपासून बहुतेक करून डीडीआर-४. बारावी, तेरावी, चौदावी पिढी असेल तर बोर्डाप्रमाणे ४ किंवा ५, म्हणून तिथं बोर्डाचं मॉडेल बघितल्याशिवाय काही बोलू नये. एएमडीच्या रायझनमध्ये एएम४ बोर्डाला डीडीआर-४, एएम५ ला फक्त डीडीआर-५. आणि शंभर टक्के खात्री हवी तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात मेमरी आणि एसपीडी असे दोन टॅब असतात, कुठल्या स्लॉटमध्ये कुठली पट्टी, किती जीबीची, कुठल्या कंपनीची, सगळं दिसतं.

टास्क मॅनेजरच्या त्या मेमरीच्या पानावर खाली स्लॉट्स यूज्ड असं पण लिहिलेलं असतं. १ ऑफ २ असेल तर एक जागा मोकळी आहे, त्यात दुसरी पट्टी टाकली की झालं. २ ऑफ २ असेल तर जुनी काढून मोठी टाकावी लागेल. बोर्डाची पण मर्यादा असते, आपल्याकडे शाळांत, झेरॉक्सच्या दुकानांत अजून चालणारे एच६१ आणि एच८१ चे बोर्ड जास्तीत जास्त १६ जीबी घेतात, म्हणजे दोन स्लॉटमध्ये आठ आठ. एच११० ३२ पर्यंत जातो. आणि त्याहून जुना जी४१ असेल तर खरं सांगायचं तर त्यात आता पैसे घालू नका.

स्पीडचं फार टेन्शन घेऊ नका. दोन पट्ट्या वेगळ्या स्पीडच्या असल्या तर दोघी कमी स्पीडने चालतात, बिघडत काही नाही, आणि प्रोसेसर जेवढं घेऊ शकतो त्याच्यावर स्पीड जात नाही. पट्टीवरच्या स्टिकरवर पीसी३-१२८०० लिहिलं असेल तर ती डीडीआर-३ ची १६००, पीसी४-२१३०० म्हणजे २६६६ आणि पीसी४-२५६०० म्हणजे ३२००. एवढं लक्षात ठेवलंत तर दुकानदाराशी सरळ बोलता येतं.

किती घ्यायची

टॅली, बिलिंग, सातबारा काढणं, ऑनलाइन फॉर्म भरणं, मुलांचा अभ्यास, यांना ८ जीबी पुरते. लग्नपत्रिका आणि बॅनर करणारे, कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडून बसणारे, होमस्टेचं बुकिंग बघता बघता वीस टॅब ठेवणारे, यांनी १६ घ्यावी. व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर १६ च्या खाली जाऊच नका. ३२ बघून मोह होतो पण कामच नसेल तर ती नुसती बसून राहते.

शक्य असेल तर एकसारख्या दोन पट्ट्या टाका, ८ ची एक घेण्यापेक्षा ४ च्या दोन, कारण मग बोर्ड दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी बोलतो, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. ज्या पीसीत वेगळं ग्राफिक कार्ड नाही तिथं फरक जास्त पडतो कारण तिथं डिस्प्ले पण ह्याच रॅममधून वाटा घेतो. पण दोनच स्लॉट आहेत आणि पुढे वाढवायचा विचार आहे, तर आत्ता ८ ची एक घेऊन एक स्लॉट मोकळा ठेवला तरी शहाणपणाचंच.

घेताना

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे कंपन्या वळल्या म्हणून, तेव्हा जुना भाव डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका आणि कोणी फारच स्वस्तात देत असेल तर जास्त सावध व्हा. स्वस्तातल्या मालात तीन गोष्टी बघून ठेवा. एक, ज्यावर एएमडी ओन्ली किंवा फॉर एएमडी लिहिलेलं असतं ती डीडीआर-३, ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही, आणि हे बारीक अक्षरात कुठंतरी कोपऱ्यात लिहिलेलं असतं. दोन, ईसीसी रजिस्टर्ड म्हणजे सर्व्हरमधून काढलेली रॅम, दिसायला तशीच, स्लॉटमध्ये बसतेही, पण साध्या घरच्या पीसीत चालू होत नाही. तीन, पाण्यात गेलेला माल. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणात पाणी भरलं तेव्हा किती दुकानांतले, ऑफिसांतले पीसी पाण्याखाली गेले ते आपण बघितलंय, आणि पूर काही तेवढा एकच येत नाही. सेकंड हँड पट्टी घेताना पिनांवर हिरवट किंवा पांढरट डाग, चिपच्या कडेला सुकलेल्या चिखलाची लाल रेघ, असं काही दिसलं तर परत द्या, कितीही स्वस्त असू दे.

दुकान रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ कुठलंही असो, पक्कं बिल घ्या आणि बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्या. चांगल्या कंपन्यांच्या रॅमला वॉरंटी भरपूर वर्षांची असते पण बिल नसेल तर तिचा उपयोग शून्य. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव कमी मिळू शकतो हे खरं, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला सांगून ठेवलं की कोकणकन्येने पट्टी घरपोच येते, पण मग बसली नाही तर बदलायला शिमग्यापर्यंत थांबा. म्हणून मुंबईहून मागवायची तर जुन्या पट्टीच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो आणि बोर्डाचं मॉडेल दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नुसतं "८ जीबी आण" असं सांगू नका. मला विचाराल तर पहिल्यांदाच घेताय तर चार पैसे जास्त देऊन जवळच्या दुकानातून घ्या, उद्या परत नेऊन दाखवता येते.

उघडायच्या आधी

दिवस बघून काम काढा. विजा कडकडण्याचे दिवस आपल्याकडे मेअखेरचे आणि परतीच्या पावसाचे, त्या दुपारी पीसीला हातच लावू नका, उलट प्लग काढून ठेवा. भर आषाढात बाहेर धो धो ओततंय आणि घरात भिंतींना ओल सुटलीय अशा दिवशी पण कॅबिनेट उघडं टाकून बसू नये, उघडीप मिळाली की करा, घाई कसली आहे.

महत्त्वाच्या फायलींची पेनड्राइव्हवर कॉपी घ्या. मग शट डाऊन करताना शिफ्टचं बटण दाबून धरा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं. आता भिंतीचा स्विच बंद करून भागत नाही, यूपीएस मध्ये असतो आणि यूपीएस बॅटरीवर कॅबिनेटला वीज देत राहतो, तेव्हा कॅबिनेटच्या मागची जाड पॉवर केबलच काढा. केबल काढल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. बाकीच्या केबली काढायच्या आधी मागचा एक फोटो काढून ठेवा.

एक गोष्ट इथं मुद्दाम विचारतो. पीसी चालू असताना कॅबिनेटच्या लोखंडाला हात लागला की हाताला झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमच्या प्लगला अर्थिंग मिळत नाहीये. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज देणाऱ्या डब्याच्या, आत जो फिल्टर असतो तो थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतो, अर्थिंग नसलं की तो कॅबिनेटवरच राहतो. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत हे फार दिसतं, कातळात खड्डा खोल जात नाही, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं, कुठं कुठं तर तिसरी वायर जोडलेलीच नसते. नवीन रॅम टाकायच्या आधी वायरमनला बोलवून हे नीट करून घ्या, हे रॅमच्याही आधीचं काम आहे आणि तुमच्या जीवाचंही.

उघडलं की

कॅबिनेट टेबलावर आडवं करा, समोरून बघताना डाव्या हाताचा पत्रा वर येईल असं. मागचे दोन स्क्रू काढून तो पत्रा मागे सरकवला की निघतो. स्क्रू गंजून बसले असतील, बसलेलेच असतात, तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बाहेरून स्क्रूच्या डोक्याला लावून पाच मिनिटं थांबा, आत तेल जाऊ देऊ नका. काढलेले स्क्रू वाटीत.

आत काय सापडेल सांगता येत नाही. लाल धूळ तर असतेच, पालीची अंडी असतात, मुंग्यांनी घर केलेलं असतं, आणि कुंभारीण माशी मागच्या मोकळ्या पोर्टमध्ये मातीचं घर बांधून ठेवते ते वेगळंच. ही माती ओली करून काढू नका, सुकीच लाकडी काडीने हळू मोडा. धूळ काढायला रंगाचा नवीन कोरडा ब्रश किंवा हातातला ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने सुसाट फिरतो आणि खराब होतो. हे काम पडवीत करा, घरात नको. आत बोर्डावरचे छोटे गोल डबे, कॅपॅसिटर म्हणतात त्यांना, त्यांची डोकी फुगलेली दिसली तर रॅमचा विचार तिथंच थांबवा, तो बोर्डच आता थोड्या दिवसांचा आहे.

हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या लोखंडाला हात टेकवा आणि अधूनमधून टेकवत राहा. अंगातली स्टॅटिक वीज चिपला मारते. पावसाळ्यात दमट हवेमुळे ती कमी तयार होते पण डिसेंबर-जानेवारीत कोरडा वारा असताना किंवा एसीच्या खोलीत होते, आणि ती कळतही नाही. नायलॉनची चटई, सिंथेटिक शर्ट टाळा.

रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरच्या पंख्याच्या बाजूला उभ्या लावलेल्या दिसतील. स्लॉटच्या दोन्ही टोकांना क्लिपा असतात, त्या बाहेरच्या बाजूला दाबल्या की पट्टी थोडी वर येते, मग दोन्ही कडांना धरून सरळ वर उचला. काही बोर्डांना एकाच टोकाला क्लिप असते, दुसऱ्या टोकाला जोर लावत बसू नका. पिनांना बोट लावायचं नाही, घामात मीठच असतं.

साफसफाई, जी सगळ्यात महत्त्वाची

पट्टी उजेडात धरा. पिना पिवळ्या चमकायला हव्यात. त्या मळकट, काळपट किंवा कुठं कुठं हिरवट दिसल्या तर कारण आपल्या हवेत आहे. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो पण तो अगदी पातळ, त्याखाली निकेल आणि त्याखाली तांबं. खारी दमट हवा त्या मुलाम्यातल्या बारीक छिद्रांतून तांब्यापर्यंत पोचते आणि आतला गंज वर येतो, तो थर वीज नीट जाऊ देत नाही. मालवण, देवगड, हर्णै, गुहागर अशा अगदी किनाऱ्यावरच्या घरांत, त्यातही खिडकी समुद्राकडे असेल तर हे लवकर होतं. पीसी कधी चालू होतो कधी होत नाही, मध्येच निळा स्क्रीन येतो, बीप वाजतात, यातलं बरंचसं निव्वळ ह्या थरामुळे.

साफ करायला शाळेतला साधा पांढरा मऊ खोडरबर घ्या, पेनाची शाई खोडायचा खरखरीत नको, तो मुलामाच खरवडतो. पट्टी सपाट ठेवून पिनांच्या दिशेनेच, म्हणजे आतून बाहेरच्या कडेकडे, हलक्या हाताने चार-पाच वेळा, दोन्ही बाजूंनी. रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झटका, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीन त्रास. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाले ज्याला आयपीए म्हणतात ते, सुती कपड्याला लावून एकदा पुसा आणि पाच-दहा मिनिटं वाळू द्या. सेंट, डिओ, डेटॉल, रॉकेल यातलं काहीही नको, त्यात तेल असतं आणि ते चिकटून राहून धूळ ओढतं. स्लॉटमध्ये फक्त ब्लोअर आणि कोरडा ब्रश, सुई, पिन, पॉलिश पेपर काही घालू नका, आतल्या पत्त्या एकदा वाकल्या की बोर्ड गेला. आणि हे रबर मारणं दर महिन्याला करायचा छंद नको, प्रत्येक वेळी थोडं सोनं जातंच, वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर केलं तर भरपूर झालं.

आता नवीन घ्यायच्या आधी ही जुनी साफ पट्टी परत लावून पीसी एकदा चालू करून बघा. बऱ्याच जणांचा खर्च इथंच वाचतो.

नवीन बसवताना

क्लिपा उघड्या करा, पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा, खाच मध्यभागी नसते म्हणून एकाच बाजूने जुळते. नाही जुळली तर पट्टी फिरवा, तरीही नाही जुळली तर तो प्रकारच वेगळा आहे, दुकानात परत. जुळली की दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली, दोन्ही टोकं सारख्या जोराने दाबा, क्लिप आपोआप खट्ट करून बसते. नवख्या माणसाला इथं भीती वाटते कारण जोर बऱ्यापैकी लागतो आणि बोर्ड किंचित दबल्यासारखा वाटतो, ते नॉर्मल आहे, अर्धवट बसलेली पट्टी जास्त धोक्याची. बसल्यावर पिना कडेला सगळीकडे सारख्याच आत गेलेल्या दिसायला पाहिजेत.

दोन स्लॉट असतील तर दोन्हीत टाका, विषय संपला. चार असतील आणि पट्ट्या दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं, मॉडेल टाकून मोबाइलवर उघडा.

पत्रा लावायची घाई नको. केबली जोडा, मॉनिटरची केबल घट्ट बसलीय का बघा, आणि चालू करा. डीडीआर-५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळाच राहू शकतो, बोर्ड नवीन रॅम ओळखून तिचं सेटिंग लावत असतो, अधीर होऊन बटण दाबू नका. चालू झाला की टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा बघा.

चालू नाही झाला, नुसते बीप आले, तर घाबरायचं काही नाही. केबल काढा, पट्टी काढून परत दाबून बसवा, बहुतेक वेळा एवढंच असतं. नाही झालं तर फक्त नवीन पट्टी एका स्लॉटमध्ये, मग फक्त जुनी, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, असं एकेक करून बघा म्हणजे पट्टी दोषी की स्लॉट दोषी ते कळतं. दोन्ही वेगवेगळ्या चालतात पण एकत्र नाही, तर त्यांचं आपसात पटत नाहीये, एकसारखी जोडी घ्यावी लागेल. शेवटी बोर्डावरचा गोल नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून परत लावा, बायोसचं, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रॅमचं, जुनं सेटिंग पुसलं जातं. सेल पाच-सहा वर्षांचा जुना असेल तर नवीनच टाका, किरकोळ किमतीत मिळतो. आणि रॅम पूर्ण दिसते पण वापरायला अर्धीच मिळते, तर रनमध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) टाइप करून बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स मध्ये मॅक्सिमम मेमरीची टिक असेल ती काढा.

सगळं ठीक दिसलं तरी एक टेस्ट कराच. रनमध्ये एमडीशेड (mdsched) इंग्रजीत टाइप केलं की विंडोजची मेमरी टेस्ट येते, पीसी रीस्टार्ट होऊन ती आपोआप चालते. जास्त खात्री हवी तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा, फक्त लाइट जाणाऱ्या रात्री नको, घरचा यूपीएस थोडाच वेळ टिकतो आणि टेस्ट मध्येच तुटते. एक जरी एरर आली तरी पट्टी परत करा, एका एररने काय होतंय असं म्हणू नका, उद्या टॅलीचा डेटा त्याच जागेवर येऊन बसणार आहे. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडने चालवायचं सेटिंग, दिसलं तर नवख्याने ते तसंच राहू द्यावं, ऑफिसच्या कामाला त्याने काही फरक पडत नाही.

नंतरची काळजी

जून ते सप्टेंबर पीसी काम नसलं तरी रोज अर्धा-एक तास चालू ठेवा, आतल्या गरमीने ओल धरत नाही. बंद केल्या केल्या प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, थंड झाल्यावर घाला. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका आणि ओल येणाऱ्या भिंतीला चिकटवून तर नकोच. मागच्या मोकळ्या पोर्टना रबरी टोप्या मिळतात त्या लावा, कुंभारीण तिथं येत नाही.

काढलेली जुनी पट्टी चालू असेल तर टाकू नका, नवीन ज्या पॅकिंगमध्ये आली त्याच पॅकिंगमध्ये सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात ठेवा. वाडीतल्या कुणाच्या तरी जुन्या पीसीला, नाहीतर गावच्या शाळेतल्या कॉम्प्युटरला तीच लागते, आणि डीडीआर-३ नवीन मिळणं आता दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, डीडीआर-३, ४ जीबी, १६००, चालू, म्हणजे मागायला कोण आलं तर शोधत बसायला नको.